मधले आठ मू

माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या कारखान्यांच्या मध्ये आठ मू जमीन आहे. सहा मूंचा एक एकर होतो. म्हणजे जमीन फार मोठी नव्हे. ती मी घेतली, कारण ती तिला हवी होती. दुसरे कोणतेही कारण नव्हते. हे वाक्य मी बारा वर्षे कोणापुढे उच्चारले नाही. आज त्र्याहत्तराव्या वर्षी उच्चारते, कारण आमच्या गावात ते आता सर्वांनाच ठाऊक झाले आहे, आणि जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती आपणच नीट सांगितलेली बरी.

आमचे युनतांग हे छत्र्यांचे गाव. शाओशिंगच्या पूर्वेला, नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे. माझे पती मेंग बोशेंग यांनी अठ्ठ्याऐंशी साली येथे कारखाना काढला. पहिल्या हजार छत्र्यांचे कापड मी माझ्या हाताने बेतले आणि कापले. ते गेल्यापासून एकोणीस वर्षे कारखाना मी चालवते. आमची छत्री उघडताना एकच आवाज येतो. दोन आवाज आले तर ती छत्री दारातून बाहेर पडत नाही. हा नियम त्यांचा, आणि तो मोडण्याची कोणाची छाती नाही.

छत्री उघडते ती दांड्यातल्या एका स्प्रिंगमुळे. ती स्प्रिंग चुनदी करीत असे.

रुआन चुनदी ही माझे धाकटे दीर झोंगलियांग यांची पत्नी. बांबूच्या डोंगरातून लग्न होऊन आली तेव्हा आंदणात दोन रजया आणि एक थर्मास घेऊन आली होती. जेवताना मान वर करीत नसे. घर वेगळे झाले त्या वेळी, थोरल्या घराकडे कारखाना राहिला आणि धाकट्या घराच्या वाट्याला डुकरांची खोपटी व तिच्याभोवतीची चार मू जमीन गेली. त्या खोपटीत तिने हाताने फिरवायचे एक यंत्र बसवले आणि तारेच्या स्प्रिंगा वळू लागली. तिचे गिऱ्हाईक एकच, मी. पाहुण्यांना मी हसत सांगे, "सबंध छत्री मी करते. आमची चुनदी छत्रीतली खिट्टी करते."

आणि मी तिच्या पेट्या परत पाठवीत असे. दर तीन पेट्यांमागे एक. कधी टोकाला कंगोरा आहे म्हणून, कधी तार अर्ध्या केसाने जाड आहे म्हणून, आणि खरे सांगायचे तर कधी काहीच नाही म्हणूनसुद्धा. पेटी परत गेली की ती दुसऱ्या दिवशी स्वतः यायची, खाली मान घालून विचारायची, "वहिनी, नेमकी खोट कुठे होती?" मग मला काहीतरी खोट शोधून दाखवावी लागे. अकरा वर्षे मी भिंग घेऊन तिच्या स्प्रिंगांमध्ये खोट शोधली. ती माझ्या हाताखाली शिकत होती, हे मला त्या वेळी कळले नाही.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात आमच्या दोघींच्या मधली जागा लिलावात निघाली. तेथे पूर्वी सिमेंटचे नळ करीत असत. चुनदीला खोपटी अपुरी पडू लागली होती. परदेशी माणसे तिच्याकडे येऊ लागली होती, हे मला आमच्या पहारेकऱ्याने सांगितले होते. लिलावाच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती. तिने दोनदा हात वर केला. तिसऱ्यांदा मी केला, आणि मग तिचा हात वर आला नाही.

जमीन तर घेतली. आता तिचे करायचे काय? कारखान्याला तिची गरज नव्हती. मी तेथे कापराची झाडे लावली, तळे खणले, ताइहू सरोवराकडून छिद्रांचे मोठे खडक आणवले, तांबडे मासे सोडले आणि मधोमध एक मंडप बांधला. भिंत उंच घातली. मंडपात चहा घेताना पलीकडून चुनदीच्या यंत्रांची घरघर ऐकू येई. त्या घरघरीत तो चहा फार गोड लागे.

---

आमच्याकडे व्यापाऱ्याने आभाळाकडे कमी आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाकडे जास्त पाहायचे असते. बोशेंग म्हणत, वारा कोठून सुटणार हे छत्रीवाल्याने सर्वांच्या आधी ओळखावे. एके काळी वरून सांगणे आले, माल परदेशी पाठवा. आम्ही पाठवला, आणि गावच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेत मधली खुर्ची आमची झाली. पुढे सांगणे आले, नदी स्वच्छ करा. आम्ही रंगखाना बंद केला. खुर्ची राहिली. मग सांगणे आले, माणसांच्या जागी यंत्रे आणा. आम्ही कापणीची दोन यंत्रे आणली. खुर्ची तरीही राहिली. चोवीस वर्षे त्या खुर्चीवर मी किंवा माझे पती बसलो.

मग जमिनीचा भागाकार आला. गावात जमीन संपली होती. तेव्हा ठरले की प्रत्येक कारखान्याने भरलेला कर, काढलेले उत्पादन, नव्या शोधावर केलेला खर्च, सगळे त्याच्या जमिनीच्या मूंनी भागायचे, आणि जो आकडा येईल त्यावरून अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा. अ वर्गाला वीज आधी, कर्ज आधी, नवी जमीन आधी. ड वर्गाला वीज महाग. आणि लागोपाठ दोन वर्षे ड आला, तर जागा रिकामी करून द्यायची.

हयातभर आम्ही जमीन म्हणजे प्रतिष्ठा मानली. ज्याचे आवार मोठे तो मोठा. एका वर्षात ते उलटे झाले. ज्याच्या पायाखाली कमी, तो शहाणा ठरला.

माझा मुलगा हाईतोंग हिशेबात पक्का. त्याने मधल्या आठ मूंवर 'बांधकाम चालू' असे कागदावर लिहिले, आणि जेथे बांधकाम चालू असते ती जमीन भागाकारात धरीत नाहीत. तेव्हा आमच्या जुन्या बारा मूंवर आम्हाला ब मिळाला. चुनदीला, चार मूंच्या डुकरांच्या खोपटीवर, अ मिळाला.

त्या वर्षीच्या सभेत मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेकडे गेले, तर खुर्च्यांवर नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. मधल्या खुर्चीवर रुआन चुनदी. माझी पट्टी तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे. आमच्या गावच्या कचेरीतले उद्योग पाहणारे च्यू साहेब धावत आले. त्यांची आई माझ्याकडे चौदा वर्षे शिलाईवर होती.

"मावशी, इकडे या हो. इथून मंच छान दिसतो."

"खांबातून दिसतो का रे?"

"यंदा वर्गाप्रमाणे बसवलंय सगळ्यांना. माझ्या हातात काही नाही, मावशी."

"तुझ्या हातात काहीच नसतं. तुझ्या आईच्या हातात निदान सुई तरी असायची."

चुनदीला मंचावर बोलावले. छातीवर तांबड्या रेशमाचे ताटाएवढे फूल, हातात पितळी पाटी. एकच लहान वस्तू सर्वांहून चांगली करणाऱ्या कारखान्यांना वरून 'छोटा दिग्गज' म्हणतात; तशी ती पाटी. तिच्या स्प्रिंगा आता छत्रीत जात नव्हत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगा ती करू लागली होती, आणि त्या यंत्रमानवाच्या बोटांच्या पेरात बसत. देशाला त्या वर्षी यंत्रमानव हवे होते. छत्र्या कोणालाच नको होत्या असे नव्हे, पण त्यांचे नाव कोणत्याही भाषणात येत नव्हते.

चुनदीने बोलायला कागद आणला नव्हता. ती म्हणाली, "मला बोलता येत नाही. मी एवढंच सांगते, माझ्या मोठ्या वहिनींनी अकरा वर्षं माझी प्रत्येक तिसरी पेटी परत पाठवली. आता जपानचे लोक भिंग लावून तपासतात, त्यांना काही सापडत नाही. वहिनींना सापडायचं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि माना वळवून माझ्याकडे, म्हणजे खांबाकडे पाहिले. ती उपकार मानत होती की उट्टे काढत होती, हे मला आजही ठरवता आलेले नाही. त्या दोन्हींपैकी कोणते मला अधिक झोंबले असते, तेही नाही.

---

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शरद ऋतूत विजेची टंचाई आली. आठवड्यातले चार दिवस वीज बंद, असे फर्मान निघाले. अ वर्ग सोडून. सकाळी दहा वाजता आमची शंभर शिलाईयंत्रे एकदम थांबली. माझ्या बायका हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसल्या. त्या शांततेत पलीकडची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, पहिल्यापेक्षा मोठी. मी मंडपात जाऊन बसले. चहा आणवला, आणि न पिता ओतून दिला.

पुढल्या वर्षी आम्हाला क मिळाला.

"आई," हाईतोंग म्हणाला, "आकडा वाढवायचा तर वरचा वाढवावा लागतो, नाहीतर खालचा कमी करावा लागतो. छत्र्यांनी वरचा वाढत नाही. मधली जागा देऊन टाकू."

"कोणाला?"

शेजारच्या अ वर्गालाच ती घेण्याचा पहिला हक्क होता, आणि शेजारी दुसरे कोणी नव्हते.

"जमीन राहील," मी म्हणाले. "आपण वरचा वाढवू."

आता मी जे केले ते सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ते गावाने पाहिले आहे. मी हांगझौहून अर्ज लिहून देणारा एक सल्लागार आणला. गुळगुळीत केसांचा आणि तितक्याच गुळगुळीत बोलण्याचा. त्याने आमच्या छत्रीला 'अंगावर वागवण्याची बुद्धिमान पर्जन्यरक्षक प्रणाली' असे नाव दिले आणि त्या नावाचा ऐंशी पानी अर्ज केला. बंद पडलेल्या एका खेळण्यांच्या कारखान्यातून मी एक यांत्रिक हात विकत घेतला. तो एक छत्री उचले आणि दुसऱ्या मेजावर ठेवी. पुन्हा उचलून पहिल्या मेजावर ठेवी. शिलाईच्या बायकांना मी पांढरे डगले शिवले. माझी सर्वांत जुनी शिवणारी फेंगयिंग डगला घालून आरशापुढे उभी राहिली.

"डॉक्टरीण झाले की गं मी! मालकीणबाई, आता नाडी बघू का तुमची?"

"सुई बघ."

"सुई तीच आहे. ह्या बाह्या तेवढ्या मशीनखाली जातात."

"मग दुमड. आणि कोणी विचारलं तर ही प्रयोगशाळा आहे."

"आणि मी कोण?"

"तू गप्प राहणारी."

मी असे का करीत होते? कारखाना वाचवायला, असे मी हाईतोंगला सांगत होते. पण आरशात मला दिसत होती ती पितळी पाटी. ज्या वस्तूसाठी चुनदीला डुकरांच्या खोपटीत पंचवीस वर्षे लागली, ती मला तीन महिन्यांत पांढरे कापड शिवून हवी होती.

पाहणीचे पथक नोव्हेंबरात आले. जिल्ह्याहून आलेल्या प्रमुख बाई चष्मा लावणाऱ्या, मितभाषी, पायांत सपाट बूट. सोबत आमचे च्यू साहेब. दारावर तांबडी पताका लावली होती. पथकाने प्रयोगशाळा पाहिली. यांत्रिक हाताने छत्री उचलली, ठेवली, उचलली. बाईंनी मान हलवली, वहीत काही लिहिले. फेंगयिंग गप्प राहिली. सर्व काही माझ्या मनाप्रमाणे चालले होते.

निघताना बाई सौजन्याने म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंकडे जाऊन आलो आधी. अहो, काय ते काम! बसायलासुद्धा जागा नाही त्यांच्याकडे. चहा आम्ही उभ्या उभ्याच घेतला."

हे बोलणे मी ऐकून सोडून दिले असते तर हा सगळा प्रकार घडला नसता. पण 'काय ते काम' हे तीन शब्द माझ्या छातीत अडकले, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या 'बसायला जागा नाही' या शब्दांनी मला मार्ग दाखवला.

"तिच्याकडे कुठली असायला जागा?" मी म्हणाले. "या, बसायची जागा मी दाखवते."

हाईतोंगने माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला. भिंतीतले दार मी स्वतः उघडले. कापराची झाडे त्या दिवसांत फार देखणी दिसत होती. मंडपात लोंगजिंगचा चहा मांडला, मासे बोलावून दाखवले, खडक कोठून आणले ते सांगितले. बाई खरोखरच प्रसन्न झाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि तळ्याकडे पाहत विचारले, "किती मू असेल हो हे?"

"आठ!" मी म्हणाले. त्या शब्दात किती अभिमान होता, तो माझ्याच कानांनी ऐकला.

च्यू साहेबांच्या हातातला चहा मांडीवर सांडला. बाईंनी वही पुन्हा उघडली. मागची पाने चाळली. जेथे 'बांधकाम चालू' लिहिले होते त्या पानावर थांबल्या, आणि तळ्यातल्या माशांकडे एकवार पाहिले.

"बांधकाम," त्या म्हणाल्या, "सावकाश चाललंय तुमचं."

---

डिसेंबरात वर्ग जाहीर झाले. बाराऐवजी विसांनी भागल्यावर आम्हाला ड मिळाला. यंदाचा पहिला, आणखी एक आला की बोशेंग यांचा कारखाना, त्यांचा एका आवाजात उघडण्याचा नियम, शंभर बायकांची शंभर आसने, सगळे त्या जागेतून उठणार होते.

हिवाळी अयनाच्या दिवशी आमच्या घरी पूर्वजांना नैवेद्य असतो. थोरले घर मांडते, धाकटे घर येते. त्यात कधी खंड पडलेला नाही. सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यातले डुकराचे मांस, वाफवलेला मासा, तापवलेली पिवळी वारुणी. चुनदी आली. अ वर्ग, पितळी पाटी, जपानी गिऱ्हाइके. तरी आली ती नेहमीप्रमाणे बाह्या वर करून. झोंगलियांग थकले आहेत. ते माझ्या मुलाजवळ बसून वारुणी घेत राहिले. जेवण झाल्यावर चुनदी अंगणातल्या नळाशी वाडगे धुवायला बसली. पस्तीस वर्षे ती बसत आली, आणि पस्तीस वर्षे मी आत बसत आले. त्या दुपारी मी फडके घेतले आणि तिच्या शेजारी जाऊन वाडगे पुसू लागले.

ती दचकली. "वहिनी, तुम्ही राहू द्या."

"फुटणार नाहीत माझ्या हातून."

तिने आणखी दोन वाडगे माझ्याकडे सरकवले. मग ती म्हणाली, "च्यू साहेब आले होते. नवा रस्ता आखलाय. माझ्या खोपटीवरनं जातो."

माझ्या हातातला वाडगा थांबला. "मग?"

"मग काय? वसंतापर्यंत उठायचं. शेजारच्या जिल्ह्यानं बोलावलंय, जागा द्यायला तयार आहेत. गावात तर कुठे जागा उरली नाही." ती वाडगा घासत राहिली. "म्हणजे, रिकामी अशी नाही."

तेव्हा माझ्या मनात आले ते लपवून उपयोग नाही. मी फक्त गप्प बसायचे होते. गप्प बसले असते तर ती गेली असती. पाटी, पहिली रांग, घरघर, सगळे घेऊन नदीपलीकडे गेली असती, आणि मला पुन्हा कधी भिंतीतून ती ऐकावी लागली नसती. तो विचार इतका सुखाचा होता की मी त्यात क्षणभर टेकले. हाईतोंग आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, "आई, आपलं नाक कापून काकूला अपशकुन करू नकोस." मी त्याला खोलीबाहेर काढले होते. पण नाक माझेच होते आणि ते मला जागेवर हवे होते.

"मधले आठ मू घे," मी म्हणाले. इतके जड वाडगे मी आयुष्यात उचलले नव्हते. "गावचा भाव दे. जास्त नको, कमी नको."

ती आनंदाने उठेल, रडेल, निदान मान वर करील असे मला वाटले होते. तिने मान हलवली. "नको."

"नको? बारा वर्षांपूर्वी हवी होती ना?"

"तेव्हा भागाकार नव्हता, वहिनी. आठ मू घेतले तर मला आठांनी भागतील. मी अ वरनं थेट क वर. पाटी काढून घेतात, माहितीये? तीन वर्षांनी फेरतपासणी असते." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. "तुम्हाला वाटतं मी पहिल्या रांगेत बसते. मी बसत नाही, धरून राहते. दर डिसेंबरला मी रात्र रात्र आकडे मोजत बसते. मला चारच हवेत. चारांवर मला जगता येतं."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळले की अ वर्गालाही झोप नसते. मला तिची दया आली असे म्हणणे खोटे ठरेल. मला बरे वाटले.

"चार तू घेतलेस तर बाकीच्या चारांचं मी काय करू? माशांना घालू?"

"इमारत बांधू," ती म्हणाली. हे तिने फार दिवस मनात धरले असावे, कारण पुढचे ती एका दमात बोलली. "पाच मजली. आता वरून तेच सांगतायत, कारखाने वर चढवा, जमिनीवर पसरू नका. माझी यंत्रं जड, ती खालच्या मजल्यांवर. तुमचं काम कापडाचं, हलकं, ते वर. आठ मू दोघींच्यात निम्मे. तुमचे जुने बारा गावाला परत करा, गाव त्याचे पैसे देतं. मग तुम्हालाही चारांनी भागतील. तुमच्या छत्र्या चारांवर ब काढतात, वहिनी. मी हिशेब केलाय."

"माझा हिशेब तू केलास?"

"तुम्ही माझ्या स्प्रिंगा मोजायचात."

जुने बारा मू म्हणजे बोशेंग यांनी स्वतः आखलेली जागा. मी पुसलेलाच वाडगा पुन्हा पुसला. आतून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला. वारुणी चढली होती.

"वर कोण म्हणालीस?" मी विचारले.

"तुम्ही."

"सगळ्यात वर?"

"सगळ्यात वर. जिना मात्र चढावा लागेल, लिफ्ट मालाला."

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा चांगले आहेत."

"आणि माझी एक अट आहे," चुनदी म्हणाली.

आली, मला वाटले. आता खरी किंमत सांगणार. तळे बुजवा, किंवा सभेत माझे आभार माना, किंवा डुकरांच्या खोपटीबद्दल काही.

"पेट्या पुन्हा तपासा माझ्या," ती म्हणाली. "पाटी मिळाल्यापासून कोणी खोट काढत नाही. सगळे वाहवा करतात. माझी माणसं सैल पडलीत. जपानवाल्यांना एक दिवस काहीतरी सापडेल आणि मग विचारायला कोणी नसेल. माझ्याकडे तुमच्याइतकं वाईट बघणारं माणूस नाही, वहिनी."

हा माझा सन्मान होता की अपमान, हे विचारण्याचा माझा स्वभाव नाही. मी शेवटचा वाडगा पुसून ठेवला.

---

इमारत पुढच्या शरदापर्यंत उभी राहिली. मासे गावच्या बागेतल्या तळ्यात सोडले. कापराची तीन झाडे दारात राहिली. पथकाच्या चष्मेवाल्या बाई पुन्हा आल्या आणि यांत्रिक हात कोठे आहे असे विचारू लागल्या. तो मी भंगारात दिला आहे, असे मी सांगितले. डगले फेंगयिंगने नातवंडांसाठी लंगोट करायला नेले. आम्हाला ब मिळाला. चुनदीला अ. सभेत मी दुसऱ्या रांगेत बसते, तिच्या बरोबर मागे, आणि तिच्या मानेवरचा पांढरा केस न केस मला ठाऊक झाला आहे.

पायाखालून तिची यंत्रे चालतात. ती थरथर चपलांतून वर येते. मी पाचव्या मजल्यावर आहे, हे मी दिवसातून अनेकदा स्वतःला सांगते, आणि तरी ती थरथर येते.

पहिली पेटी मालाच्या लिफ्टने वर आली. दाण्याएवढ्या तीन हजार स्प्रिंगा. मी खिडकीशी मेज लावले, जुने भिंग काढले, चिमटा घेतला. पहिल्या दिवशी सातशे पाहिल्या. काही नाही. दुसऱ्या दिवशी बाराशे. काही नाही. एकेक स्प्रिंग इतकी निर्दोष होती की मी ती उलटून पुन्हा पाहत होते. तिने माझ्याकडूनच घेतलेले सगळे मला तीन हजार वेळा दाखवले जात होते. हाईतोंग येऊन म्हणाला, "आई, पुरे. चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत हे मला कोणी विचारलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास, तळाशी राहिलेल्या मुठीत, मला ती सापडली. शेवटच्या वेढ्याच्या टोकाला कंगोरा. केसाच्या चौथाई एवढा, पण कंगोरा. मी भिंग पुसून पुन्हा पाहिले. होता.

फेंगयिंग म्हणाली, "द्या, मी नेते लिफ्टने."

"मी नेते."

पाच मजले मी जिन्याने उतरले, स्प्रिंग चिमट्यात धरून. चुनदी तिच्या यंत्रांमध्ये उभी होती. मी तिच्यापुढे तळहात केला. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, दिव्याखाली गेली, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. ज्या दिवशी पट्टीवर तिचे नाव वाचले त्या दिवसापासून मी या चेहऱ्याची वाट पाहत होते.

"खरंच आहे," ती हळूच म्हणाली. "वहिनी, कितव्या यंत्राची असेल ही?"

"ते तू शोध. पेटी परत पाठवते."

"सबंध पेटी?"

"सबंध."

मागे तिच्या कारागिरांना ती ओरडून काही सांगत होती. पुष्कळ वर्षांनी तिचा आवाज चढलेला ऐकला. मी जिन्याकडे वळले. पाचही मजले मी कोठेही न थांबता चढले, आणि गुडघे मुळीच दुखले नाहीत.